दोन पोस्टकार्डं जाड

२ जानेवारी १९७८, सोमवार

श्रावणदादाचं काउंटर लागलं! धरमपेठेतल्या कोपऱ्यावरच्या बेकरीत. आत शिरलं की डावीकडे, टोस्टच्या बरण्यांना लागून. ऑफिसला जाताना वाट वाकडी करून पाहून आले. पांढरा कोट, पांढरी टोपी; कामठीच्या ऑफिसर्स मेसमध्ये एकतीस वर्षं घातली तशीच. समोर लाकडी पाट, बर्फाची पेटी, आणि ती सुरी — हातभर लांब, दोन बोटं रुंद, पट्टीसारखी सरळ. मागे खडूने लिहिलेली पाटी : थंड मटण सँडविच.

पहिलं पार्सल माझ्यासमोर बांधलं. आत बटर पेपर, बाहेर वर्तमानपत्र — आमचंच! मागच्या रविवारची माझीच पुरवणी! वरून पांढरं सूत, आणि गाठ कोष्ट्याची. मागावर तुटलेला धागा जोडतात ती — बारीक, चपटी, बोटाला न लागणारी. माग सोडून इतकी वर्षं झाली, बोटं विसरली नाहीत.

मालक जागेश्वरराव तोंडावर बोलणारे. "एकतीस तारखेपर्यंत पाहू, बाई. चाललं तं उत्तम. नाही तं तुमचा भाऊ मोकळा, मी मोकळा."

दादा हसला. कोटाच्या खिशात महूचं पत्र आहे, मला माहीत आहे. मेसमधले एक कर्नलसाहेब रिटायर होऊन तिकडे राहिलेत, त्यांना घरचं स्वयंपाकघर सांभाळायला दादा हवा. वहिनी गेल्यापासून त्याला इथे धरून ठेवणारं कोणी नाही. एकदा महूला गेला की तो काही परत येत नाही. आणि बाबा ब्याऐंशी वर्षांचे.

दादा इथे राहावा. नव्या वर्षाकडून एवढंच हवं. लिहून टाकलं, सुटले.

३ जानेवारी

सकाळी चहा देताना बाबांना सहज सांगितल्यासारखं सांगितलं — श्रावणदादा रिटायर झाला, धरमपेठेत बेकरीत बसतो, मटणाचे पातळ काप पावात घालून विकतो.

"साखर कमी आहे," बाबा म्हणाले.

साखर बरोबर होती.

५ जानेवारी, गुरुवार

'डब्यात काय?' हे सदर वेळेत दिलं. या खेपेला तिळाच्या वड्या. बावीस वर्षांत ही बाविसावी तिळाची वडी. आता तीळ मला ओळखतात.

संध्याकाळी बेकरीत. कॉलेजची पोट्टी येतात, सँडविच घेतात, आणि खायच्या आधी पाव उघडून आत पाहतात! एकाने काप उजेडाकडे धरला आणि त्यातून पलीकडची पाटी वाचून दाखवली. "काका, मटण आहे का ट्रेसिंग पेपर?" सगळी बेकरी हसली. जागेश्वरराव सगळ्यांत मोठ्याने.

"एक जाड तुकडा घाला न, श्रावणभाऊ. गिऱ्हाईकाले दिसलं पाहिजे, आपण काय खाऊन राहिलो."

"तितकंच मटण आहे, मालक. त्याचेच सहा काप करून घड्या घालतो मी."

"तितकंच आहे हे तुमाले माहीत. त्या पोट्ट्याले कोण सांगन?"

मला वाटतं, मी सांगावं.

६ जानेवारी

सखूबाईची तक्रार. ही दुपारी येऊन बाबांची भाकरी करते. "बाई, दोन दिसापासून म्हातारबा अर्धी भाकर ठेवून देते. मी काय वाईट करून राहिली का?" बाबांना विचारलं. म्हणाले, भाकरी चावत नाही. दात पाच वर्षांपूर्वीच गेले, तेव्हापासून भाकरी दुधात कुस्करून खातात. आजच काय झालं?

डॉक्टरांना दाखवावं का? बाकी चेहरा तर टवटवीत आहे.

८ जानेवारी, रविवार

कामठी. एरवी भाऊबीजेला जाते, आज कामासाठी गेले. बस गच्च, माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती, अगदी सभ्य.

दादाची खोली म्हणजे मेसच. सगळं जागच्या जागी. मटणाचा गोळा कसा करतात ते पाहिलं. मांडीचं मटण हाडापासून अखंड सोडवायचं, उघडून पसरायचं. त्यावर मसाला — आपला घरचाच. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल भाजून. तिखट मात्र निम्मं. "मेजरसाहेबाले आपलं पुरं तिखट दिलं होतं एकदा. परेड सुटली तरी त्याईचे डोळे पाण्यात." मग वळकटीसारखं गुंडाळायचं, जुन्या धोतराच्या कापडात घट्ट, वरून सुताने आवळायचं. शिजवायचं. गरम असतानाच पाट्याखाली दाबून ठेवायचं, आणि मग बर्फावर.

"ऊन मटण फाटते वं पुष्पा. थंडच कापल्या जाते. दगडासारखं थंड."

मग कापून दाखवलं. सुरी एकदाच ओढतो, करवतीसारखी मागेपुढे नाही. काप स्वतःच्या वजनाने वाकून पाटावर पडतो.

"ह्या रेषा पाह्य. हा ताणा. त्याच्या आडवं कापाचं. ताण्याच्या संगं कापलं तं दातात दोरीच येते."

ताणा हा शब्द बोलून गेला आणि पुसलेली सुरी पुन्हा पुसू लागला.

सेहेचाळीस साल. मी अठरा वर्षांची. मागावर नऊवारी, निम्मी झालेली. दादा आणि बाबांचं भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही आठवत नसेल. सुताच्या टंचाईवरून असेल. दादाने भाजी कापायची सुरी उचलली आणि ताणा कापला. आडवा, एका ओढीत. आमच्या घरात पदर विणून झाल्याशिवाय ताण्याला धार लावत नाहीत. आजारपण असो, मयत असो, ज्याने ताणा लावला त्याने पातळ उतरवायचं. बाबा ओरडलेसुद्धा नाहीत. "ज्या हातानं ताणा कापला त्या हातचं मी खाणार नाही. अन् सुरी धरणारा हात या दारातून आत नाही येणार." दादा कामठीला गेला तो गेला. अंतर दहा मैल. वहिनीच्या तेराव्यालाही बाबा गेले नाहीत. दिवसभर रिकाम्या मागावर बसून होते.

निघताना दादाने विचारलं, "बाबा जेवते न बरोबर?"

"भाकरी टाकतात अर्धी."

"पातळ करत जा म्हणा सखूबाईले."

प्रत्येक रोगावर याचं एकच औषध!

१० जानेवारी, मंगळवार

आज कंपोझिंग खात्यात शास्त्रीय प्रयोग.

फोरमन शालिकराम यांच्याकडून कालच शिशाच्या पट्ट्या घेतल्या होत्या. दोन ओळींत अंतर ठेवायला घालतात त्या. दोन पॉइंटची एक, बारा पॉइंटची एक; पॉइंट हे छापखान्यातलं जाडीचं माप. त्या दादाच्या काउंटरवर नेऊन मटणाच्या कापाशेजारी धरल्या. दादा उडालाच! "शिसं हाय ते! माझ्या पाटाले लावू नको!" मग हातभर अंतरावरून एक डोळा मिटून मोजमाप. त्याचा काप बरोबर दोन पॉइंट. जागेश्वररावांना हवा तो तुकडा — बारा. म्हणजे सहा पातळ, एक जाड, मटण सारखंच.

आज दादाकडून दोन्ही प्रकारची सँडविचं आणून टेबलावर ठेवली. कोणतं कोणतं ते सांगितलं नाही. बातमीदारांनी जाडावर झडप घातली, साहजिक आहे. गुन्हेवार्तावाल्याने पहिला घास घेतला — आणि मटणाचा आख्खा तुकडा दातात आला, सरळ हनुवटीवर लोंबला. हातात उरले दोन पाव, एकमेकांकडे पाहत. मसाला शर्टावर. त्याला तीन वाजता पोलीस आयुक्तांकडे जायचं होतं!

पातळवाले शांतपणे खात होते. पाव, काप, घडी, सगळं एका घासात तुटत होतं.

"बाई," शालिकराम म्हणाले, "आमच्यासारखंच आहे हे. नुसता अक्षराचा खिळा खिळ्याले चिकटवला तं वाचता येत नाही. मधात हवा पाहिजे."

हे मी चोरणार आहे.

१२ जानेवारी, गुरुवार

सदर दिलं : 'काप किती जाड?' दुपारी बाराची वेळ, पावणेबाराला टेबलावर. दादाचं नाव घातलं नाही, बेकरीचंही नाही. 'धरमपेठेत एके ठिकाणी' एवढंच. नागपूरकरांना तेवढं पुरे.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ. बाबा उन्हात बाजेवर बसून सुताचे तुकडे जोडत होते. दोनेक हातांचा एकेक तुकडा, चपटी गाठ, मग गुंडी. लिंबाएवढी झाली आहे. दिसत नाही तरी गाठ चुकत नाही. सूत कुठून मिळतं कोण जाणे. सखूबाई आणून देत असेल. रमले आहेत, बरंच आहे.

नत्थूला तिळगूळ दिला. समोरच्या कडुनिंबाखाली त्याची रिक्षा असते. सकाळी शाळेची पोरं नेतो, दुपारी आणतो. मधल्या वेळात बाबांशी गप्पा. मी बाहेर आले की दोघंही गप्प होतात. दोन म्हाताऱ्यांची कसली गुपितं!

१५ जानेवारी, रविवार

छापून आलं. पहिला परिच्छेद वाचला, खूश झाले. दुसरा वाचला — आणि चहा सांडला.

'काप दोन पॉइंटपेक्षा जाड नसावा.'

दोन पॉइंट! स्वयंपाकघरात! मी लिहिलं, शालिकरामांनी जुळवलं, प्रुफं दोघांनी वाचली, पान मी पास केलं. एकालाही खटकलं नाही. अख्ख्या इमारतीत कोणाच्या घरी इंच नाहीत का?

१७ जानेवारी

पत्रं. उमरेडहून एका बाईंचं कार्ड : 'दोन पॉइंट कोठे मिळतात? आमच्या किराणा दुकानात चौकशी केली, नाहीत म्हणाला.' खाप्याहून एका मास्तरांचं : 'पॉइंट ही वजनाची बाब की लांबीची, खुलासा व्हावा.' संपादकांनी हाक मारली. "पुष्पाताई, बावीस वर्षांत तुमची पहिली दुरुस्ती. पेढे द्या." निवडणुकीच्या धामधुमीतही माणसाला एवढा आनंद व्हावा!

उमरेडच्या बाईंचं कार्ड हातात होतं. बोटांत धरलं. जाडी ओळखीची वाटली. शिशाच्या पट्टीला लावून पाहिलं. दोन कार्डं मिळून जवळजवळ तेवढीच. पोस्टकार्ड कोणाच्या घरी नसतं?

बाईंना मनात नमस्कार घातला.

१८ जानेवारी

बेकरीत गर्दी! पॉइंट कळले नसले तरी पत्ता सगळ्यांना कळला आहे. दादाच्या टोपीला मसाला लागला होता आणि त्याला पत्ता नव्हता. हे मेसमध्ये कधी झालं नसेल. जागेश्वरराव गल्ल्यावरून हात करतात : "या, या बाई!" पाव उघडून पाहणं थांबलं आहे. उलट एक मास्तर दुसऱ्याला समजावत होते — मधात हवा पाहिजे, हवा!

पोस्टकार्डाचं माप दादाला सांगितलं. तो म्हणाला, "पयलं रोजचं गिऱ्हाईक मात्र तुह्या पेपराच्या आधीचं आहे. एक रिक्षावाला रोज येते, एक पार्सल नेते. चौथ्या दिवसापासून. कोन्या म्हाताऱ्याले पाहिजे म्हणते, पातळातलं पातळ. तुह्या मापानं त्याच्यासाठी मी पोस्टकार्ड एकच लावतो."

"कोण म्हातारा?"

"मी कायले विचारू? खाणाऱ्याले नाव विचाराचं नसते. मेसचा नियम."

१९ जानेवारी, गुरुवार

दुरुस्ती आणि दुसरा लेख एकत्रच दिले. या वेळी सगळं नीट, कोणालाही जमेल असं : गोळा बर्फावर किती वेळ, रेषा कोणत्या दिशेला, दोन पोस्टकार्डं जाड, सहा काप, प्रत्येकाची एक घडी. घरच्या बाईने वाचून सुरी हातात घ्यावी इतकं सरळ. मला स्वतःलाच आवडला.

२२ जानेवारी, रविवार

छापला. एकही चूक नाही. तीनदा पाहिलं.

२४ जानेवारी, मंगळवार

दुपारी अडीचलाच सँडविचं संपली. जागेश्वररावांनी मला आत बोलावलं, क्रीमरोल पुढे केला. "बाई, आता वाढवाचं ठरवलं."

मी वेड्यासारखी आनंदाने ऑफिसपर्यंत पायी गेले. महूच्या कर्नलसाहेबांना दुसरा कोणी तरी शोधावा लागणार!

२६ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. झेंडावंदनाहून परतताना बेकरीवरून आले. दुकान बंद, पण आत दिवा. डोकावले. काउंटरवर एक लाल यंत्र. गोल पातं, बाजूला दांडा. दांडा फिरवला की पातं फिरतं. मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातून आणलं म्हणे. जागेश्वरराव वाकून काहीतरी करत होते. मला पाहून चेहरा फुलला.

"या बाई, पाहा!"

पातं आणि पत्रा यांच्या मधे दोन पोस्टकार्डं धरली आणि स्क्रू कसला.

"माप तं तुम्हीच छापलं. आता कोणीही कापन!"

२७ जानेवारी, शुक्रवार

सरळ लिहिते. दादाने राहावं म्हणून मी लिहिलं. इतकं नीट लिहिलं, की दादाची गरजच उरली नाही.

जागेश्वरराव वाईट माणूस नाही. त्यांनी दादाला सांगितलं, गोळा तुम्हीच करून आणा, कामठीहून रोज. कापायचं काम यंत्र करेल. पैसेही बरे देऊ केले. दादाने टोपी काढून घडी घातली.

"अर्धं काम मी करत नाही, मालक. अर्ध्यावर एकदा सोडलं होतं. ते अजून पुरतं आहे मले."

जागेश्वररावांना काही कळलं नाही. मला कळलं.

बाहेर येऊन मी म्हटलं, दादा, माझंच चुकलं. तो म्हणाला, "लेख मस्त होता वं. कापून ठेवला मी." सुरी टॉवेलात गुंडाळली, वर सूत, वर ती गाठ. मग बसस्टॉपपर्यंत चालता चालता एकदम थांबला.

"त्या म्हाताऱ्याचं कसं होईन? रिक्षावाल्याचं नावही विचारलं नाही मी."

२९ जानेवारी, रविवार

यंत्राचं सँडविच खाल्लं. कर्तव्य म्हणून. गोळा आता बेकरीतला माणूस करतो. नीट गार नाही, रेषांच्या बाजूने लावलेला. काप जाडीला अगदी बरोबर, दोन पोस्टकार्डं! आणि तोंडात दोरी. लेखात सगळं लिहिलं होतं, पण जागेश्वररावांनी एक आकडाच तेवढा उचलला. बाकी 'बायकांसाठीचं' म्हणून सोडलं असणार.

तरी खपतं आहे. पाटी नवीन, रंगवलेली : यंत्राने कापलेले, हात न लावता!

३० जानेवारी

दादाने महूला होकाराचं पत्र टाकलं. परवाच्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट. मी रजेचा अर्ज दिला, पूर्ण दिवसाची. संपादक चष्म्यावरून पाहत राहिले. मी रजा घेते हे त्यांना बातमीसारखं वाटलं.

ऑफिसला निघतानाच बाबांना सांगितलं होतं : दादा बुधवारी महूला चालला. कायमचा.

बाबा पाठ करून झोपले. दिवसाचे अकरा वाजले होते.

३१ जानेवारी

सखूबाई खूश : "आज म्हातारबानं पुरी भाकर मांगली!" अर्धीच खाल्ली, पण मागितली पूर्ण. दोन दिवसांपासून भूक लागते म्हणाले. माझा जीव कशातच नाही.

१ फेब्रुवारी, बुधवार

कामाच्या दिवशी आज दुपारी पहिल्यांदा घरी. एक वाजता नत्थूची रिक्षा दाराशी थांबली. मी आत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बाबाजी, आज कुठून आणू? ते मशीनवालं तं सोमवारी तुम्ही गाईले देल्लं. म्हणे हे त्याच्या हातचं नाही."

मी बाहेर आले. नत्थूने जीभ चावली. बाबांनी उशाखालून गुंडी काढली — दादाच्या पार्सलांच्या सुताची, आता संत्र्याएवढी — आणि बोटाने एक गाठ चाचपली. बराच वेळ.

"पुष्पे," ते म्हणाले, "पाव नत्थू आणते. तुह्या दादाले म्हण, सुरी घेऊन घरीच ये."

तिकिटाचं संध्याकाळी पाहू. आधी बर्फ आणायला हवा.